करवीरच्या शिलाहार घराण्याची पूर्वपीठिका : दावा आणि पुरावा

प्रस्तावना :
पूर्वमध्ययुगीन महाराष्ट्रात शिलाहार घराण्याच्या तीन शाखा राज्य करीत होत्या : उत्तर कोकण, दक्षिण कोकण आणि कोल्हापूर. कोल्हापूरच्या शाखेचा काल सर्वसाधारणपणे इ. स. ९४० ते १२१२ असा मानला जातो. या घराण्याच्या राजकीय इतिहासाचे विवेचन पुष्कळ झाले आहे. मात्र त्याच्या पूर्वजांविषयी लिहिताना ताम्रपटांतील वर्णन अनेकदा जसेच्या तसे इतिहास म्हणून स्वीकारले जाते. प्रस्तुत लेखात या वर्णनाचे तीन स्तर वेगळे करून प्रत्येकाचे पुरावामूल्य स्पष्ट केले आहे.

पौराणिक स्तर :
शिलाहार स्वतःला विद्याधर जीमूतवाहनाचे वंशज म्हणवीत. एका नागाचा जीव वाचविण्यासाठी जीमूतवाहनाने वध्यशिलेवर गरुडापुढे स्वतःचा देह अर्पण केला, अशी ही कथा आहे. हर्षाच्या ‘नागानंद’ नाटकाचा विषयही हाच आहे. शिलेवरील आहार तो ‘शिलाहार’, अशी कुलनामाची व्युत्पत्ती या कथेशी जोडली जाते. परंतु लेखांत ‘शिलार’, ‘सियलार’ अशीही रूपे आढळतात. त्यामुळे मूळचे देशी कुलनाम नंतर संस्कृतात बसविले गेले आणि त्याला साजेशी कथा जोडली गेली, ही शक्यता अधिक सबळ ठरते. या स्तरावरून घराण्याची रक्तपरंपरा कळत नाही. त्याग आणि शरणागताचे रक्षण हे आदर्श त्याने स्वतःसाठी निवडले होते, एवढे मात्र निश्चित कळते.

स्थलवाचक स्तर :
शिलाहारांच्या लेखांत ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरुद येते. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर. ‘पेरिप्लस’ या इ. स. च्या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथात तगरचा उल्लेख पैठणबरोबर मोठी बाजारपेठ म्हणून आला आहे. तेव्हा हे घराणे मूळचे तेरचे असावे, असे अनुमान काढले जाते. त्यात तथ्य असू शकते, परंतु अशी बिरुदे त्या काळी रूढ होती, हेही ध्यानात घ्यावे लागते. राष्ट्रकूट व सौंदत्तीचे रट्ट ‘लत्तलूरपुरवराधीश्वर’, तर गोव्याचे कदंब ‘बनवासीपुरवराधीश्वर’ म्हणवीत. कदंबांनी बनवासीवर राज्य केल्याचा स्वतंत्र पुरावा आहे. शिलाहारांनी तेरवर राज्य केल्याचा तसा समकालीन पुरावा उपलब्ध नाही. शिवाय दक्षिण कोकणच्या रट्टराजाचा खारेपाटण ताम्रपट (शके ९३०, इ. स. १००८) या कुळाचा संबंध सिंहलाच्या राजांशी जोडतो. एकाच कुलनामाच्या शाखा उगमस्थान वेगवेगळे सांगतात, तेव्हा बिरुदाला एकट्याने निर्णायक पुरावा मानता येत नाही.

पिढ्यांचा स्तर :
मारसिंहाच्या मिरज ताम्रपटात (शके ९८०, इ. स. १०५८) जतिग, नायिम्म, चंद्र, दुसरा जतिग, गोंक व मारसिंह अशा पिढ्या येतात. येथे प्रत्यक्ष इतिहासाची भूमी लागते. तथापि पहिल्या जतिगाविषयीची ही माहिती शंभरांहून अधिक वर्षांनंतरच्या वंशजाने दिलेली आहे, हे विसरता येत नाही. या क्रमाला नामसाधर्म्याचा आधार मिळतो : जतिग हे नाव पणतूला, तर गूहल आणि भोज ही नावे भावाच्या नातवाला दिलेली दिसतात. मारसिंहानंतर, विशेषतः गंडरादित्य, विजयादित्य आणि दुसरा भोज यांच्या काळात, लेखांची संख्या वाढते व वंशावळ अधिक भक्कम होते. इ. स. १२१२ च्या सुमारास यादव सिंघणाने दुसऱ्या भोजाचा पराभव केला आणि ही शाखा संपली.

तौलनिक दृष्टी :
हा प्रश्न केवळ दख्खनचा नाही. इ. स. ९८७ मध्ये फ्रान्सच्या सिंहासनावर आलेल्या ह्यू कापेचे घराणे इ. स. ८६६ मध्ये मरण पावलेल्या रॉबेर या सरदारापर्यंत निश्चितपणे मागे नेता येते. त्याआधीच्या पिढ्यांसाठी तेथील अभ्यासकांनाही नावांच्या पुनरावृत्तीवर विसंबावे लागते. फ्रँक लोकांनी आपले मूळ ट्रॉय नगरीत शोधले, तर शिलाहारांनी विद्याधरलोकात. सत्ता हाती आल्यानंतर तिला शोभेल असा पूर्वज शोधण्याची प्रवृत्ती दोन्हीकडे सारखीच दिसते.

निष्कर्ष :
जीमूतवाहन हा आदर्शाचा, तगर हा स्मृतीचा आणि जतिगापासूनचा क्रम हा इतिहासाचा विषय आहे. वा. वि. मिराशी यांनी संपादित केलेला शिलाहार लेखांचा संग्रह १९७७ साली प्रसिद्ध झाल्यापासून ही छाननी मूळ पाठांच्या आधारे करणे सुकर झाले आहे. ‘शेलार’ यांसारख्या आजच्या आडनावांचा संबंध केवळ ध्वनिसाम्यावरून या राजकुळाशी जोडतानाही हीच कसोटी लावली पाहिजे. कुळाचा अभिमान आणि कुळाचा पुरावा यांतील भेद विद्यार्थ्यांना दाखविण्यासाठी, त्यांच्याच परिसरातील या घराण्याइतके उपयुक्त उदाहरण क्वचितच मिळेल.