गोळी चालू असूनही पुन्हा वारे का जाते?



भोकरदन, जाफराबादकडच्या भिल्ल वस्त्यांवर गेले किंवा जालना शहरात शेजारी चौकशीला गेले, तरी एक वाक्य कधी ना कधी ऐकू येते : "गोळी चालू होती, तरी अंगावरून दुसऱ्यांदा वारं गेलं. आमच्या रक्तालाच ती मानवत नाही." मग घरचे लोक गोळीच बंद करून टाकतात. या बोलण्यात थोडे तथ्य आहे, पण गोळी बंद करणे मात्र घातक आहे. म्हणून हा विषय समजून घेऊ.

पक्षाघात बहुतेक वेळा मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाल्यामुळे होतो. गुठळी धरताना रक्तातल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात. त्यासाठी त्या थ्रॉम्बॉक्सेन नावाचे द्रव्य तयार करतात. ॲस्पिरिन हे द्रव्य बनवणारे यंत्रच बंद पाडते. प्लेटलेटला ते पुन्हा बनवता येत नाही, त्यामुळे ती जगते ते आठ-दहा दिवस निकामीच राहते. पण शरीर रोज साधारण दहावा हिस्सा नव्या प्लेटलेट तयार करते. म्हणूनच गोळी रोज लागते. काही दिवस चुकली, तरी गुठळी धरायला पुरेशा नव्या प्लेटलेट तयार होतात.

काही रुग्णांत गोळी घेऊनही प्लेटलेट चिकटतच राहतात. यालाच डॉक्टर ॲस्पिरिनला दाद न देणे म्हणतात. यात आनुवंशिकतेचा वाटा किती, हे आपल्या जवळच हैदराबादला तपासले गेले. तेथील निजाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस आणि उस्मानिया विद्यापीठाची जनुकशास्त्र संस्था यांच्या संशोधकांनी पक्षाघाताच्या रुग्णांचा अभ्यास केला. 2012च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांत एमडीआर-1 आणि कॉक्स-2 या जनुकांतील काही फरकांचा ॲस्पिरिनला दाद न देण्याशी संबंध आढळला. एमडीआर-1 हे जनुक आतड्यातल्या एका पंपाचा आराखडा असते. हा पंप अनेक औषधे पेशीतून बाहेर फेकतो.

म्हणजे "रक्ताला मानवत नाही" हे सर्वस्वी खोटे नाही. पण जनुक हे अनेक कारणांपैकी एक आहे, आणि इतर कारणे बहुधा अधिक साधी असतात.

पहिले कारण म्हणजे गोळी पोटात गेलेलीच नसते. आपल्या जिल्ह्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडीला महिनोन्‌महिने बाहेर असतात. पाकीट संपते आणि फडावरून दवाखाना दूर पडतो. दुसरे कारण अंगदुखीच्या गोळ्या. मेडिकलमधून आणलेली आयबुप्रोफेन ॲस्पिरिनच्या आधी घेतली, तर ती त्या यंत्राची जागा अडवते आणि ॲस्पिरिन वाया जाते. तिसरे कारण गोळीवरचे आवरण. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने 400 निरोगी व्यक्तींवर केलेला अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. त्यात खरी दाद न देणारी एकही व्यक्ती सापडली नाही. जी आधी तशी वाटली, तिच्यात आवरणामुळे औषध उशिरा किंवा कमी शोषले जात होते. चौथे कारण मधुमेह. त्यात नव्या प्लेटलेट लवकर तयार होतात.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ॲस्पिरिन नीट काम करत असली, तरी दुसऱ्या झटक्याचा धोका साधारण पाचव्या हिश्श्यानेच कमी करते. उरलेला धोका वाढलेला रक्तदाब, साखर आणि तंबाखू-बिडी यांतून येतो. म्हणून दुसरा झटका आला, एवढ्यावरून गोळी फुकट गेली असे ठरत नाही.

"औषध बदलून द्या" म्हणणाऱ्यांनी हेही जाणावे, की क्लोपिडोग्रेल या पर्यायी गोळीलाही जनुकाची अडचण आहे. ती यकृतात सीवायपी2सी19 या जनुकाच्या मदतीने कामाला लागते, आणि हे जनुक कमजोर असण्याचे प्रमाण युरोपीय लोकांपेक्षा दक्षिण आशियाई लोकांत जास्त आहे. गोळी कोणती, हे डॉक्टरांनाच ठरवू द्यावे.

वस्तीभेटीला जाताना आपण एवढे करू शकतो. गोळ्यांचे पाकीट मागून किती उरल्या ते मोजावे. सोबत दुसरी कोणती गोळी चालू आहे, हे विचारावे. रक्तदाब मोजून घ्यायला लावावा. तोडीला निघण्याआधी पूर्ण हंगामाची औषधे आणि डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर दिली आहे ना, हे पाहावे.

आणि तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला किंवा बोबडी वळली, तर लगेच 108ला फोन करावा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते. मात्र अशा वेळी घरी ॲस्पिरिन देऊ नये. मेंदूत रक्तस्राव झाला असेल, तर तीच गोळी अपाय करते, आणि गुठळी की रक्तस्राव हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही.

जनुके आपल्याला बदलता येत नाहीत. पण रिकामे पाकीट वेळेवर भरून देणे आपल्या हातात आहे.