हातच्याचा एक

४७८ आणि ३५६ यांची बेरीज करताना शाळकरी मूल आठ आणि सहा चौदा म्हणतं, ४ मांडतं, हातचा १. सात आणि पाच बारा, हातच्यासह तेरा. ३ मांडले, पुन्हा हातचा १. उत्तर ८३४. दोन संख्यांच्या बेरजेत हातचा एकापेक्षा मोठा होतच नाही, कारण नऊ, नऊ आणि आधीचा एक मिळून जास्तीत जास्त १९. इतकासा हा एक, पण तो यंत्राला शिकवताना भल्याभल्यांच्या नाकी नऊ आले.

ब्लेझ पास्कालचे वडील फ्रान्सच्या रूआँ शहरात करवसुलीच्या कामावर होते. हिशेब लिव्र, सू आणि दनिए या नाण्यांत: १२ दनिएंचा सू, २० सूंचा लिव्र. म्हणजे हातचा कुठे बारावर, कुठे विसावर, कुठे दहावर. (बारा पैचा आणा आणि सोळा आण्यांचा रुपया मांडलेल्या आपल्याकडच्या जुन्या लोकांना ही कटकट वेगळी सांगायला नको, ती १९५७ साली सुटली.) वडिलांचा ताप हलका करायला पास्कालने १६४२ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, बेरजेचं यंत्र करायला घेतलं.

आकड्यांची चाकं फिरवणं सोपं होतं. गोम होती ९९९९९९ मध्ये १ मिळवण्यात.

चाकं दात्यांनी थेट जोडली, तर त्या क्षणी सगळी एकदम फिरवावी लागतात आणि बोटाचा जोर पुरत नाही. पास्कालने प्रत्येक दोन चाकांमध्ये एक वजनदार खटका बसवला. चाक नऊकडे जाताना खटका हळूहळू वर उचलला जायचा. नऊवरून शून्यावर येताच तो स्वतःच्या वजनाने खाली पडून शेजारच्या चाकाला एक घर ढकलायचा. जोर आधीच साठवलेला असल्याने हातचा कितीही लांब जावो, बोटाला भार नाही. युक्ती झकास, पण तिच्यापायी चाकं एकाच दिशेने फिरत. वजाबाकीसाठी आडवाट शोधावी लागली.

संगणकातही हाच प्रश्न आला, फक्त वजनाऐवजी वेळेचा. एकेका घराने मागच्या हातच्याची वाट पाहिली, तर लांब संख्यांना उशीर होतो. त्यावर उपाय म्हणजे हातचा येण्याआधीच प्रत्येक घराचा स्वभाव ओळखून ठेवणं. दशमान पद्धतीत तो असा दिसतो: घरातल्या दोन अंकांची बेरीज दहा किंवा जास्त असेल, तर हातचा तिथे निघणारच, आठ किंवा कमी असेल, तर मागून आलेला तिथेच जिरणार. बरोबर नऊ असेल, तेव्हाच तो जसाच्या तसा पुढे सरकतो.