पेन्शनीत निघणारे पंडितजी

देवळातला गुरव निवृत्त झाल्याचं कधी कुणी ऐकलंय? भटजी थकतात, आवाज बसतो, मग मुलगा किंवा पुतण्या पुढे होतो, एवढंच. भारतीय लष्करातले पंडितजी मात्र रीतसर निवृत्त होतात. पंडितजीच कशाला, मौलवी, ग्रंथी, पाद्री आणि बौद्ध भिक्षूसुद्धा. ठरलेलं वय झालं की पलटणीतला सुभेदार जसा पेन्शनीत निघतो तसे हेही निघतात आणि पुढे कॅन्टीनच्या रांगेत माजी सैनिक म्हणून उभे राहतात.

लष्कराच्या दफ्तरी यांचं पद आहे ‘धर्मगुरू’. अमेरिकेत लष्करी पाद्री हा कमिशन मिळालेला अधिकारी असतो आणि तिथली ही परंपरा 1775 सालची. आपल्याकडे धर्मगुरू थेट नायब सुभेदार म्हणून दाखल होतो. साध्या जवानाची या हुद्द्यापर्यंत पोचायला उमेदीची बरीच वर्षं जातात. धर्मगुरू होण्यासाठी पदवी हवीच, शिवाय पंडिताला संस्कृतातलं आचार्य किंवा शास्त्री-कर्मकांडाचं शिक्षण, ग्रंथीला पंजाबीतलं ज्ञानी, आणि पाद्री तर स्थानिक बिशपच्या मान्य यादीतला लागतो. एवढं शिकलेल्या माणसाला मग मैदानावर आणून सांगतात: आठ मिनिटांत 1600 मीटर पळून दाखवा. यज्ञकुंडाची मापं तोंडपाठ असलेला शास्त्री बूट आवळून धावतो आहे, हे चित्र मला फार आवडतं.

पुढचा मुक्काम आपल्या पुण्यात. तिथल्या राष्ट्रीय एकात्मता संस्थेत या मंडळींना एकत्र शिकवतात आणि त्यात दुसऱ्याच्या धर्माची ओळखही येते. ती लागतेच, कारण लष्करात जागोजागी ‘सर्वधर्म स्थळ’ असतं: एका छपराखाली मूर्ती, ग्रंथ, क्रूस, सगळं.

हा खटाटोप कशासाठी, याचं उत्तर मला कूतच्या वेढ्यात दिसतं. डिसेंबर 1915मध्ये मेसोपोटेमियातल्या कूत गावात सहावी पूना डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात सापडली. तिच्यात 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. धान्य संपत आलं, तेव्हा घोडे कापून खायची वेळ आली. हिंदी शिपायांनी ते मांस नाकारलं. डिव्हिजनचा प्रमुख जनरल टाउनशेंड याने हिंदुस्थानातल्या धर्माचार्यांकडून परवानगी मागवली, ती आलीही. तरी कित्येक शिपाई पुढचे अनेक आठवडे अर्धपोटी राहिले, पण घोड्याला शिवले नाहीत. गावात आपल्याला जातीबाहेर टाकतील ही धास्ती तारेने आलेल्या अनुमतीने जाईना. 29 एप्रिल 1916ला कूत पडलं. दूरच्या आचार्याचा निरोप आणि आपल्याच खंदकात बसलेल्या माणसाचा शब्द यांतलं अंतर त्या वेढ्यात उघडं पडलं.

बेंगळुरूला हे अंतर वेगळ्या रीतीने दिसतं. इंग्रजांनी इथे छावणी वसवली आणि 1812 साली गोऱ्या फौजेसाठी सेंट मार्क्स चर्च उभं राहिलं. पुढे ट्रिनिटी चर्च आलं. तेव्हाचा लष्करी पाद्री त्या गोऱ्यांचा. आज त्याच शहरात मद्रास इंजिनीअर ग्रुपचं केंद्र आहे. या दलाची मुळं 1780पर्यंत जातात, आणि तमिळ, मल्याळी, कन्नड, तेलुगू अशा सगळ्या मुलुखांतली, निरनिराळ्या धर्मांची पोरं तिथे ‘थंबी’, म्हणजे धाकटे भाऊ, होतात. शिवाय पॅराशूट रेजिमेंट, आर्मी सर्व्हिस कोअर आणि लष्करी पोलीस यांचीही केंद्रं इथेच. बेळगावच्या मराठा केंद्रात शिवाजी महाराजांचा जयजयकार झाला की सगळ्यांचं रक्त एकदम उसळतं. बेंगळुरूत एकाच तुकडीला किती हाका माराव्या लागतात!

या सगळ्या हाका एकत्र येतात त्या कसम परेडच्या दिवशी. प्रशिक्षण संपलेले रंगरूट मैदानावर उभे असतात. तिरंगा असतो, आणि आपापला धर्मग्रंथ घेऊन धर्मगुरू असतात. त्या ग्रंथाच्या साक्षीने पोरगा शपथ घेतो आणि जवान होतो. केंद्रावर काही वर्षं काढलेल्या धर्मगुरूने अशी किती पोरं या उंबऱ्यावरून आत घेतली, त्याची मोजदाद त्याची त्यालाही ठेवता येणार नाही.

लढवय्याच्या निरोपात लढाया सांगतात, पदकं सांगतात. धर्मगुरूच्या निरोपात काय सांगायचं? त्याची कामं भरतीच्या जाहिरातीतच लिहिलेली असतात: अंत्यसंस्कारांना हजर राहणं, इस्पितळात आजाऱ्यांना धीर देणं, बरे होत आलेल्यांबरोबर प्रार्थना म्हणणं, मुलांना धर्मशिक्षण देणं, आणि शिक्षा भोगत असलेल्या जवानांना जाऊन भेटणं. हे शेवटचं काम मला सगळ्यांत अवघड वाटतं. निरोपाच्या बड्या खान्याच्या रात्री पंडितसाहेबांच्या आवाजाचं आणि दसऱ्याच्या शस्त्रपूजेचं कौतुक होईल. कोठडीतल्या जवानाशी ते काय बोलले हे कोण सांगणार? ते सांगायचंही नसतं.

दर्जा मात्र पुरेपूर मिळतो. धर्मगुरूला सुभेदार आणि सुभेदार मेजरपर्यंत बढती आहे. त्यापुढे 26 जानेवारी आणि 15 ऑगस्टला जाहीर होणाऱ्या मानद लेफ्टनंट, मानद कॅप्टन यांच्या याद्या आहेत. पुरोहिताच्या खांद्यावर तारे! जिनिव्हा करारानेही सैन्यातल्या धर्मसेवकाला वेगळं मानलं आहे. शत्रूच्या हाती पडला तरी त्याला युद्धकैदी गणत नाहीत. फार तर कैद्यांच्या सेवेसाठी ठेवून घेतात.

2022च्या अग्निपथ योजनेने या नोकरीचा क्रम उलटा केला आहे. तिच्यातून भरती झालेल्या अग्निवीराची सेवा चार वर्षांची, आणि त्यांतल्या जास्तीत जास्त पाव भागाला कायम करतात. पूर्वी केंद्रावरचे पंडितजी पेन्शनीत निघाले, तरी त्यांच्यासमोर शपथ घेतलेली पोरं कुठे ना कुठे वर्दीत असायची. आता त्यांतली बहुतेक पोरं त्यांच्याआधीच घरी परतलेली असतील, आणि ग्रंथ हाती घेऊन उभे असलेले पंडितजी नोकरीतच असतील.