आधी उतरवा, मग चढवा

मृग आठवड्यावर आला आहे. औसा तालुक्यातल्या या जुन्या दगडी घराच्या माळवदावर फावड्यांची खरखर चालली आहे आणि खाली सोप्यात बारीक माती झिरपते आहे. बाहेर मे महिन्याचं ऊन डोकं तापवतं; ढेलज ओलांडून आत आलं की घाम गार पडतो.

हा गारवा भिंतींचा आहे. झरोक्यात हात घालतो, तर खांद्यापर्यंत आत गेला तरी बोटं बाहेर पोचत नाहीत. अशा भिंतीतून दिवसभराचं ऊन आतपर्यंत यायला रात्र होते. जोत्याचे दगड घडीव, छिन्नीच्या खुणा मोजता याव्यात असे. वर मात्र ओबडधोबड काळा दगड, मातीच्या गाऱ्यात बसवलेला. हा दगड इथे रानातच निघतो. चुना विकत आणावा लागायचा. म्हणून पाटला-देशमुखांच्या वाड्याला चुना, आणि कुणब्याच्या घराला माती.

माजघरात अंधार आहे. छतातल्या सवण्यातून उजेडाचा एकच झोत उतरतो आणि त्यात धूळ तरंगते. पलीकडे बळद. आता तिथे ज्वारीऐवजी खताची रिकामी पोती आणि मोडकी तिफण पडली आहे.

सोप्यात खांबांच्या रांगा आहेत. प्रत्येक खांब दगडी तळखड्यावर उभा. खांबावर तुळई, तुळईवर लगी, लगींवर किलचण, त्यावर पाला आणि सगळ्यात वर माती. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. घर किती खणांचं, यावर सोयरिकी ठरायच्या. भिंतीलगतही खांब आहेत, अर्धे दगडात बुडालेले. पाहुण्याला ते शोभेचे वाटतील.

घरमालक आबा मला मागच्या अंगाला नेतात. तिथली भिंत बुटकी, पातळ आणि बाकीच्या घरापेक्षा नवी दिसते.

"ही त्र्याण्णवची," ते म्हणतात. "भिंत बाहेर गेली. खण राहिला."

30 सप्टेंबर 1993, पहाटेचे 3:56. गणपती विसर्जन करून आलेली गावं झोपेत होती. किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यात भूकंप झाला आणि हजारो माणसं आपल्याच घराखाली गेली. कारण इथे, जुन्या भिंतीच्या उघड्या कोपऱ्यात, अजून दिसतं. बाहेर दगडाचा एक पापुद्रा, आत दुसरा, मध्ये नुसती खडी आणि माती. दोन्हींना बांधणारा लांब दगड कुठेच नाही. जमीन हलली की दोन पापुद्रे एकमेकांपासून सुटतात. जिथे तुळया थेट भिंतीवर टेकल्या होत्या, तिथे भिंतीमागोमाग माळवदही खाली आलं. इथे ते लाकडी खांबांवर होतं, म्हणून वरच राहिलं आणि आबांच्या घरातली माणसं खालून बाहेर निघाली. तीन फुटी भिंत या घराला थंड ठेवते. उभं ठेवलं ते तिच्यात लपलेल्या लाकडानं.

नव्या भिंतीत ठरावीक अंतरावर दगडांची तोंडं दिसतात. हे आरपार दगड. अशा बांधकामासाठी त्याच साली निघालेलं भारतीय मानक 13828 सांगतं: भिंत 45 सेंटिमीटरपेक्षा जाड नको, आणि आडव्या ओळीत निदान दर 1.2 मीटरला एक बांधणारा दगड हवा. जाडी म्हणजे बळकटी, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब त्या पहाटेनं खोटा ठरवला.

शिडीनं वर जातो. माळवदावर आबांची सून आणि दोन गडी मातीत उभे आहेत. पाणी गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात वर खारी माती टाकायची, ही इथली रीत. पण जुनी माती सहसा कुणी काढत नाही. थरावर थर चढत जातो. एक फूट जाडीची माती एका चौरस मीटरवर साधारण अर्धा टन भरते. पन्हाळीजवळच्या उघड्या कडेला जुने थर वेगळे दिसतात: पांढरा, करडा, पुन्हा पांढरा.

खालून नातू ओरडतो, "आबा, सरळ स्लॅब टाकू की! दरसालची कटकट जाईल."

"स्लॅब कशावर टाकतोस? या भिंतीवर? ती सोताचंच वजन कशीबशी धरती."

नातू गप्प होतो, पण पटलेलं दिसत नाही. सून पहार मातीत रोवते, वर काढते आणि टोकाला लागलेल्या मातीवर वीत धरते. एक वीत आणि वर चार बोटं.

"आबा, या खणात अजून चार बोटं उतरवावी लागंल."

"उतरवा. नवी पाटी त्याच्याआधी कुणी वर आणायची नाही," आबा खालून सांगतात. आणलेली पाटी गडी पुन्हा शिडीकडे नेतो.