खात्यांतून परस्पर गेलेला पैसा

बँकेंत ठेवलेला पैसा आपलाच, असें आपण समजतों. कायद्याच्या दृष्टीनें तो बँकेचा होतो आणि बँक आपली ऋणको ठरते. मग आपल्या आज्ञेवांचून तिनें तो दुसऱ्यास दिला, तर नुकसान कोणाचें?

चेकच्या बाबतींत उत्तर निःसंदिग्ध आहे. १९८७ सालीं कॅनरा बँकेचा एक खटला सर्वोच्च न्यायालयापुढें आला. एका कंपनीच्या हिशेबनिसानें खोट्या सहीचे ४२ चेक वठविले होते. कंपनीनें पासबुक वेळींच तपासलें नाहीं, ही बँकेची सबब न्यायालयानें मानली नाहीं. खोटी सही ही मुळीं आज्ञाच नव्हे!

यंत्रद्वारां होणाऱ्या व्यवहारांत मात्र दिवस मोजले जातात. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानें रिझर्व्ह बँकेनें असें ठरविलें कीं, दोष बँकेचा असल्यास खातेदारास तोशीस नाहीं. दोष तिऱ्हाइताचा असेल, तर बँकेची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळविणारा मोकळा. चार ते सात दिवस लावणाऱ्या सामान्य बचत खातेदारावर १०,००० रुपयांपर्यंत भार. गुप्त संकेतांक स्वतःच कोणास सांगितला असेल, तर तक्रार करीपर्यंतचें सारें नुकसान त्याचें, नंतरचें बँकेचें. खातेदाराचा दोष सिद्ध करण्याची जबाबदारीहि बँकेवरच ठेविली, हें फार योग्य झालें.

म्हणून शाखा उघडण्याची वाट पाहूं नये. दूरध्वनीनें खातें तत्काळ थांबवावें, १९३० या क्रमांकावर कळवावें, आणि बँकेकडून तक्रारीचा क्रमांक मागून घेऊन त्याशेजारीं तारीख व वेळ लिहून ठेवावी.