विजेवरचे फुंकवाद्य : बँडमध्ये उतरविण्याआधी

क्लॅरिओनेट व सॅक्सोफोनवर पोट भरणाऱ्या आमच्या कारागीर बांधवांपुढे आज एक प्रश्न आहे. विजेवर चालणारे फुंकवाद्य घ्यावे की नाही? आमचे मत असे की वाद्य कामाचे आहे, पण ते एकटे कमावत नाही. त्याच्यामागे स्पीकरचा खर्च उभा असतो आणि सौदा करताना नेमका तोच विसरला जातो.

हे वाद्य फार नवे नाही. अमेरिकेतील ट्रम्पेटवादक नाइल स्टायनर यांच्या रचनेवरून जपानच्या अकाई कंपनीने ते १९८७ साली बाजारात आणले. रोलँड कंपनीने २०१६ साली आतच छोटा स्पीकर बसविलेला एरोफोन काढला. या नळीत फुंकेने स्वर उत्पन्न होत नाही. आतील यंत्र फुंकेचा दाब मोजते, बोटे कुठे आहेत ते पाहते आणि त्यावरून स्वर तयार करते. म्हणून एकाच नळीतून बासरी निघते, सॅक्सोफोन निघतो, ट्रम्पेटही निघते.

सॅक्सोफोनवाल्याचा हात यावर लवकर बसतो. क्लॅरिओनेटवाल्याला मात्र वेळ लागतो. क्लॅरिओनेटवर मागचे बटण दाबले की 'सा'च्या बोटांवर तार सप्तकातला 'प' निघतो. येथे मात्र सरळ वरचा 'सा' येतो. अकाईच्या नळीवर बटणे खाली दबत नाहीत, नुसत्या स्पर्शावर चालतात. सवयीने बोट टेकवून ठेवले तर भलताच स्वर उमटतो. फुंकेची हवाही पुरती आत जात नाही, ती ओठांच्या कडेने सोडावी लागते. दोन-तीन महिने रियाझ केल्याशिवाय सुपारी घेऊ नये. हेडफोन लावून रात्री चाळीतही रियाझ करता येतो, शेजाऱ्यांची तक्रार नाही!

खरी परीक्षा बँडमध्ये. आतला छोटा स्पीकर खोलीत पुरतो. ताशा आणि ड्रमपुढे तो मुका. तेव्हा वायर मिक्सरला जोडावी लागते आणि आवाज वादकाच्या हातून मिक्सरवाल्याच्या हाती जातो. क्लॅरिओनेटवाल्याला आपला स्वर दातांतून, हाडांतून कळतो. येथे तसे काही कळत नाही. स्वतःला ऐकू आले नाही की माणूस जोराने फुंकतो, लवकर थकतो, आणि आवाज तर एका मर्यादेपुढे वाढतच नाही. म्हणून वादकाच्या तोंडासमोर एक वेगळा स्पीकर, नाहीतर कानात इयरफोन, हवाच. फुंकेला यंत्राने किती दाद द्यावी हेही आधी घरी ठरवून ठेवावे.

पट्टीच्या बाबतीत मोठी सोय आहे. गायकाने काळी एक सोडून पांढरी चार धरली तर बोटे तीच ठेवून यंत्रात पट्टी बदलता येते. पण एक मेख आहे. मे महिन्याच्या वरातीत हवा तापली की ट्रम्पेट, क्लॅरिओनेटचे स्वर थोडे चढतात. विजेचे वाद्य आपल्या जागेवरून हलत नाही, मग तेच बेसूर वाटते. निघण्यापूर्वी, वाद्ये तापल्यावर, बँडशी मिळवून यंत्राचा स्वर तितका वर घ्यावा.

वरातीत वायर गाडीपर्यंत ओढावी लागते; कुणाचा पाय पडला की काम थांबले. जनरेटर बंद पडला तरी तेच. बॅटरीवर वाद्य चालू राहील, पण स्पीकर चालणार नाही. म्हणून जुने क्लॅरिओनेट विकून त्या पैशात हे घेण्याचा व्यवहार आम्हाला पटत नाही. हॉलमधल्या ऑर्केस्ट्राची कामे ज्यांच्याकडे वरचेवर येतात त्यांनी हे जरूर घ्यावे. ज्यांची कमाई मुख्यतः रस्त्यावरच्या वरातीची आहे, त्यांनी आधी एका सीझनचा हिशेब मांडावा : वाद्य, समोरचा स्पीकर, वायरी आणि मिक्सरवाल्याची मजुरी. एवढे जाऊन हातात काय उरते ते पाहूनच दुकानाची पायरी चढावी.