दाण्याचा भाव

(लेखमाला : भंगाराचं अर्थकारण – लेखांक 4)

मागच्या आठवड्यात आपण बाटलीला भंगाराच्या दुकानात सोडलं होतं. तिथून ती गोणीत भरून निघते आणि मुंबईतल्या अशा बऱ्याचशा गोण्या धारावीतल्या तेरा कंपाउंडमध्ये येऊन उतरतात. माहीम स्टेशनच्या पूर्वेला, चिंचोळ्या गल्ल्यांतले हे गाळे. खाली मशीन, वर पोटमाळा, त्याच्याही वर पत्र्यावर वाळत घातलेला धुतलेला माल.

या धंद्यात मशीनपेक्षा महाग असते ती निवड. आपण ज्याला सरसकट प्लास्टिक म्हणतो, ते गाळ्यात शिरलं की पेट, पीपी, एचडी, एलडी, एबीएस, पीव्हीसी होतं. यांची एकमेकांशी सोयरीक जमत नाही. पेट वितळायला अडीचशे अंशांच्या वर तापवावं लागतं, आणि तेवढ्या उष्णतेत पीव्हीसी कधीच जळून आम्ल सोडू लागलेलं असतं. म्हणजे पेटच्या ढिगात पीव्हीसीचे मूठभर तुकडे राहिले, तरी सगळा माल पिवळा पडतो, त्यात काळे ठिपके येतात आणि गिऱ्हाईक हात लावत नाही.

ही निवड बहुतेक बायका करतात, जमिनीवर बसून. तुकडा टिचकी मारून वाजवायचा, वाकवून पाहायचा. तरी शंका राहिली तर कोपरा पेटवून वास घ्यायचा. एचडी आणि एलडी मेणबत्तीसारखा वास देतात, पीव्हीसीचा धूर नाकाला झोंबतो. उरलेलं काम पाणी करतं. बाटली टोपणासकट दळून हौदात टाकली की टोपणाचे पीपी-एचडीचे तुकडे तरंगतात, पेटचे तळाशी जातात. प्रयोगशाळेत घनता मोजतात ती हीच. फरक इतकाच की तिथं हातात मोजे असतात.

धुऊन वाळलेला माल एक्सट्रूडरमध्ये वितळतो, जाळीतून शेवयांसारखा बाहेर येतो, पाण्यातून थंड होत कटरखाली जातो आणि त्याचा दाणा होतो. बादल्या, पाइप, खुर्च्या, चपला करणारे कारखाने हाच दाणा घेतात. पारदर्शक आणि पांढऱ्या मालाला चढा भाव. रंगांची खिचडी झाली की काळा रंग टाकून एकदाची सुटका करायची. स्वस्त बादली काळी असते त्याचं कारण बहुधा हेच. शिवाय दर वितळण्यागणिक प्लास्टिकच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात, माल ठिसूळ होतो. म्हणून बाटलीची पुन्हा बाटली होण्याऐवजी तिचा पॉलिएस्टर धागा किंवा उशीतला भराव होतो. ‘चक्राकार अर्थव्यवस्था’ हा शब्द परिसंवादात छान वाटतो. गाळ्यात दिसतो तो उतरता जिना.

आता मुद्द्याचं. या दाण्याचा भाव ठरवायला धारावीत कोणीही बसलेलं नाही. बादली करणाऱ्या कारखानदारापुढे दोन पर्याय असतात: कच्च्या तेलापासून बनलेला कोरा दाणा किंवा हा पुनर्वापराचा. दुसरा बराच स्वस्त असेल तरच तो घेणार. 2014च्या मध्याला पिंपामागे शंभर डॉलरच्या वर असलेलं कच्चं तेल 2016च्या जानेवारीत तिसाच्याही खाली आलं. पंपावर सुखावलेल्या किती जणांना ठाऊक होतं की याच दिवसांत भंगाराचे गाळे गोत्यात आले होते? कोरा दाणा स्वस्त झाला की जुन्याला भाव पाडावा लागतो. गाळेवाला तो तोटा भंगारवाल्यावर ढकलतो, भंगारवाला कचरा वेचणारीवर. तिच्याखाली कोणी नाही. ती एवढंच करू शकते की हलका माल उचलायचा सोडून देते, आणि तो नाल्यात जातो. शहरातलं कुठलं प्लास्टिक उचललं जाईल, याची रेषा अशी तेलाच्या बाजारात आखली जाते. त्यामुळे ‘लोकांना शिस्त नाही’ या आपल्या लाडक्या निदानाचा मला अलीकडे कंटाळा येतो.

करांचंही तसंच. प्लास्टिकच्या भंगारावरचा जीएसटी 1 ऑक्टोबर 2021 पासून 5 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर गेला. साखळीच्या खालच्या टोकाला ना पावती, ना नोंदणी. तिथल्या मालावर पुढच्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला वजावट तरी कशाची मिळणार? बिनबिलाच्या धंद्याला याहून चांगलं आमंत्रण शोधून सापडणार नाही.

सरकारनं एक पाऊल मात्र योग्य दिशेनं टाकलं. 2022च्या नियमांनी उत्पादकांवर आपल्या वेष्टनाची जबाबदारी टाकली, आणि 2025-26 पासून टणक वेष्टनात 30 टक्के पुनर्वापराचं प्लास्टिक घालणं बंधनकारक केलं; 2028-29 पर्यंत हे प्रमाण 60 टक्क्यांवर जायचं आहे. हे नीट अमलात आलं तर जुन्या दाण्याची मागणी तेलाच्या भावापासून थोडी तरी सुटेल. पण कंपन्यांनी हे हिशेब प्रमाणपत्रं विकत घेऊन पुरे करायचे आहेत, आणि कागद आला की आपल्याकडे काय होतं ते वेगळं सांगायला नको. 2023मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत मोजक्या पुनर्प्रक्रियाकारांनी काढलेली सुमारे सहा लाख प्रमाणपत्रं बनावट निघाली. न वितळलेल्या प्लास्टिकचा दाणा कागदावर तयार झाला होता.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. खाद्यपदार्थांच्या बाटलीत चालेल असा दाणा करायला मोठं, बंदिस्त, तपासण्यांतून गेलेलं यंत्र लागतं. तेरा कंपाउंडच्या गाळ्याला ते परवडत नाही. नव्या मागणीचा मलिदा मोठ्या कारखान्यांना मिळेल आणि गाळ्यांना उरेल काळ्या बादलीचा बाजार. पर्यावरणाच्या हिशेबात हे चालून जाईलही. या गाळ्यांतला धूर आणि नाल्यात सुटणारं धुण्याचं पाणी यांचं कौतुक कोणी करू नये. धारावीची भाबडी आरती मलाही मान्य नाही. पण टिचकीवरून प्लास्टिक ओळखणाऱ्या हातांना नव्या कारखान्यात जागा कुठे, हे नियमांत कुठेच लिहिलेलं नाही. पुण्यात ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ 1993मध्ये उभी राहिली, त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही वेचकांची सहकारी संस्था आली आणि दारोदार कचरा गोळा करण्याचं काम महापालिकेकडून रीतसर मिळालं. वेचकांसाठी जे जमलं ते निवड करणाऱ्या बायकांसाठी अजून कोणी करून पाहिलेलं मला दिसलं नाही.

या सगळ्यात एका वस्तूचं नाव आलं नाही. शांपूचं पाउच, वेफर्सची पिशवी: प्लास्टिक आणि अॅल्युमिनियमचे पापुद्रे चिकटवलेला माल. तो वेगळा करता येत नाही, त्याला गाळ्यात भाव नाही, म्हणून वेचणारी त्याच्याकडे वळूनही बघत नाही. तो सिमेंटच्या भट्टीत का आणि कोणाच्या खर्चानं जातो, ते पुढच्या लेखांकात.